शरणपूरची हबशी मुलं

नाशिकला पाहुणा आला की त्याला कुठे फिरवायचं हे ठरलेलं असतं. पंचवटी, रामकुंड, काळाराम मंदिर, आणि वेळ उरला तर पांडवलेणी. पाहुणा मुसलमान असेल तर आम्ही जुन्या नाशकातली बडी दर्गा आणि जामा मशीद त्यात जोडतो. वर ऐटीत सांगतो की मोगलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. मराठ्यांची सत्ता आल्यावरही इथल्या टांकसाळीच्या रुपयांवर काही काळ तेच नाव उमटत होतं, हेही सांगतो. पण पाहुण्याला शहरातली चर्च दाखवावीत असं इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नाही. शरणपूर रोडवरून माझं रोजचं येणंजाणं. ‘शरणपूर रोडला भेटू’ हे वाक्य हजारदा तरी बोललो असेन. तिथे कोण कुणाला शरण आलं होतं, हा प्रश्न मात्र पडला नव्हता.

तो पडला डेव्हिड लिव्हिंगस्टनमुळे. आफ्रिकेत फिरणारा हा स्कॉटिश मिशनरी डॉक्टर आपल्याला शाळेच्या भूगोलातून ओळखीचा आहे. त्याच्या अखेरच्या प्रवासाच्या नोंदी चाळत होतो. त्यात पुन्हा पुन्हा ‘नासिक बॉइज’ असा उल्लेख येत होता. आधी वाटलं, आफ्रिकेत याच नावाचं एखादं गाव असेल. पुढे लक्षात आलं की हे आपलंच नाशिक. आणि ही नाशिकची मुलं आफ्रिकन होती!

मग एका रविवारी सकाळी एका मित्राला सोबत घेऊन शरणपूर रोडवरच्या संत आंद्रिया चर्चला गेलो. मित्र जुन्या नाशकातला. त्याला जुन्या इमारतींची आवड आहे, पण चर्चच्या आवारात तोही पहिल्यांदाच येत होता. उपासना नुकतीच संपली होती. माणसं बाहेर पडत होती. इस्त्रीचे पांढरे शर्ट, काठापदराच्या साड्या, हातात बायबल आणि गीतांचं पुस्तक. बोलणं सगळं मराठीत, तेही आपल्या नाशिकच्या वळणाचं. एक वयस्कर गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, “सलाम.” माझ्या तोंडून सवयीने “वालेकुम सलाम” निघून गेलं. ते हसले. म्हणाले, “आमच्यात एकमेकांना सलामच म्हणतात. तुम्हाला वाटलं असेल, मी तुमच्यासाठी म्हणालो.” मला खरंच तसं वाटलं होतं.

त्यांनी आम्हाला आत नेलं. बाकांच्या रांगा, पुढे वेदी, वर क्रूस. मित्र दाराशी बूट काढायला वाकला तर म्हणाले, “राहू द्या, इथे बूट चालतात.” आफ्रिकन मुलांबद्दल विचारलं. त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. “मिशनची शाळा होती, अनाथाश्रम होता, एवढं माहीत आहे. हबशी पोरं? तुम्ही कुठे वाचलं?” त्या दिवशी चर्चच्या बाकावर बसून एका मुसलमानाने एका ख्रिस्ती माणसाला त्याच्याच वस्तीचा इतिहास सांगितला. तो इथे सविस्तर लिहितो.

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचं काम नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झालं. हिंदू किंवा मुसलमान घरातला माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं घर, जात, धंदा आणि विहीर एका दिवसात सुटायची. अशा माणसांनी राहायचं कुठे आणि खायचं काय, हा प्रश्न होता. १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराच्या पश्चिमेला, गावाबाहेर एक वस्ती वसवली. ज्यांना कुठेच जागा नाही अशांनी शरण यावं असं गाव, म्हणून नाव ठेवलं शरणपूर. तिथे शाळा काढली, अनाथ मुलांची सोय केली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवायला कारखाने काढले. आज तिथे दवाखाने, बँका, हॉटेलं आणि संध्याकाळी हलता न येणारी वाहतूक आहे. त्या काळी ते शिवारात पडलेलं वेगळं गाव होतं.

१८६०च्या सुमारास या गावात आफ्रिकन मुलं येऊ लागली.

ती आली कशी, ते सांगायला पूर्व आफ्रिकेत जावं लागेल. आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानियाच्या सीमेवर न्यासा नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या गावांवर धाडी पडत. घरं पेटवून देत, तरण्या माणसांना आणि मुलांना पकडत. त्यांना एकमेकांना बांधून किल्वा बंदरापर्यंत चालवत नेत. तिथून गलबतात कोंबून झांजीबारच्या बाजारात आणत. काही झांजीबारच्या लवंगांच्या मळ्यांत खपत, काही अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्याला पाठवले जात. ब्रिटिश आरमाराची जहाजं समुद्रात अशी गलबतं अडवायची. गलबत पकडलं की आतल्या माणसांना गुलामगिरीतून मुक्त केलं जाई. पण मुक्त करून सोडायचं कुठे? मूल सात-आठ वर्षांचं, गाव जळालेलं, आईबाप मेलेले किंवा दुसरीकडे विकलेले. मग त्यांना एडनला उतरवत, मॉरिशसला उतरवत, मुंबईला उतरवत. मुंबई सरकार त्यांतली काही मुलं मिशनकडे सोपवी. अशी मुलं नाशिकला आली. त्यांच्यासाठी शरणपुरात जो आश्रम निघाला, त्याला आफ्रिकन असायलम म्हणत. मुलींनाही तिथे ठेवत. त्यांची नावं मला फारशी सापडली नाहीत.

मुलांची जी नावं सापडतात ती वाचताना बराच वेळ अडखळलो. जेकब वेनराइट, कारस फरार, रिचर्ड आयझेनबर्ग, सायमन प्राइस, मॅथ्यू वेलिंग्टन. यातलं प्राइस हे शरणपूर वसवणाऱ्याचं आडनाव. आयझेनबर्ग आणि फरार हीसुद्धा या भागात काम केलेल्या मिशनऱ्यांची आडनावं. मुलं तीच ठेवून नाव मात्र नवं मिळालं होतं. आधीची नावं जवळजवळ सगळी पुसली गेली. एक मात्र टिकलं. मॅथ्यू वेलिंग्टन याओ जमातीतला. त्याच्या आईबापांनी त्याचं नाव चेंगविम्बे ठेवलं होतं.

१८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईला आला. नाईल नदीच्या उगमाचा शोध घ्यायचा आणि गुलामांच्या व्यापाराची हकीकत जगापुढे मांडायची, असा त्याचा बेत होता. सोबतीला त्याने शरणपूरचे नऊ तरुण घेतले. त्यांना आफ्रिकेची भाषा थोडीफार आठवत होती, इंग्रजी आणि हिंदुस्तानी येत होती, हाताला काम होतं. १८६६च्या जानेवारीत हा काफिला मुंबईहून झांजीबारला पोचला. पुढची हकीकत काही सरळ गोड नाही. लिव्हिंगस्टन या पोरांवर चिडायचा, आळशी म्हणायचा. त्यांतले बरेच जण वाटेत त्याला सोडून गेले. मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. लहानपणी ज्या वाटेने साखळीत चालत आलो, त्याच वाटेने पुन्हा एका गोऱ्या साहेबाचं ओझं घेऊन जायचं, हे सगळ्यांना झेपणारं नव्हतं. शेवटपर्यंत टिकले दोघं, एडवर्ड गार्डनर आणि माब्रुकी.

१८७२ साली झांजीबारहून मदतीची दुसरी तुकडी लिव्हिंगस्टनकडे निघाली. तिच्यात शरणपूरचे आणखी तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कारस फरार यांतलेच. १ मे १८७३ला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. रक्ती आवेने शरीराचा सांगाडा झाला होता. सोबतच्यांनी आपसात बसून ठरवलं, साहेबाला त्याच्या मुलखात पोचवायचं. काळीज आणि आतडी काढून तिथेच एका झाडाखाली पुरली. मातीवर प्रार्थना म्हटली ती जेकबने. त्यानेच त्या झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख कोरली. धड मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं, आणि खांद्यावर घेऊन ही मंडळी निघाली. समुद्रकाठच्या बागामोयोला पोचायला फेब्रुवारी १८७४ उजाडला. वाटेत दुखण्यांनी माणसं मेली.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. हा मुडदा वाहून नेणारे सगळे ख्रिस्ती नव्हते. त्यांचा पुढारी अब्दुल्ला सुसी मुसलमान होता. लिव्हिंगस्टनचं जेवण रांधणाऱ्या बाईचं नाव हलीमा. झांजीबारहून आलेल्या हमालांत बरेच मुसलमान होते. त्या झाडाखाली शरणपूरचा जेकब इंग्रजी पुस्तकातून मृत्यूची प्रार्थना वाचत होता आणि सभोवती ही मंडळी उभी होती.

पुढे एकटा जेकब त्या पेटीसोबत जहाजाने इंग्लंडला गेला, कारण त्याचं भाडं मिशनने भरलं. सुसी आणि त्याचा सोबती चुमा अंत्यविधीनंतर पोचले. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं, तेव्हा पेटीचा कापडी पदर धरून चालणाऱ्या बड्या लोकांत जेकब होता. शरणपूरच्या शाळेत अक्षर गिरवलेला मुलगा. तिथल्या फरशीवर कोरलंय की विश्वासू हातांनी याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथे आणलं. हात कुणाचे, ते लिहिलेलं नाही. जेकबची त्या प्रवासातली रोजनिशी मात्र त्याच्याच अक्षरात स्कॉटलंडमध्ये जपलेली आहे. तो स्वतः १८९२ साली आफ्रिकेत वारला.

हे सगळं ऐकून चर्चमधले ते आजोबा म्हणाले, “आमच्या पोरांना हे सांगायला पाहिजे.” आम्हाला चहासाठी घरी चला म्हणत होते. आम्ही पुन्हा येतो म्हणून निघालो.

बाहेर रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेताना मित्राने विषय काढला. “एक सांग, ती गलबतं कुणाची होती?”

मी म्हणालो, “बहुतेक अरबांची. ओमानी, स्वाहिली.”

“म्हणजे मुसलमानांची.”

“हो.”

“आणि हे तू लिहिणार?” त्याचा आवाज चढला. “कसले दिवस आहेत बघतोस ना? काहीही झालं की बोट आपल्याकडे. आपल्या पोराला शाळेत अफझलखान म्हणतात. आणि तू वर लिहिणार की मुसलमान पोरं पकडून विकायचे, मिशनऱ्यांनी सोडवली. उद्या कुणीतरी तेवढाच परिच्छेद कापून फिरवेल.”

तो चुकीचं बोलत नव्हता. तेवढाच परिच्छेद फिरेल, हे मलाही माहीत आहे. म्हणून मी त्याला बाकीचं सांगायला लागलो. झांजीबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षं कच्छच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. व्यापाऱ्यांना कर्ज देणारे कच्छी-गुजराती होते, त्यांत हिंदू होते आणि खोजेही होते. माणसं पकडणाऱ्यांत आफ्रिकेतल्याच टोळ्या होत्या. गिऱ्हाइकांत हिंदी महासागरातल्या बेटांवरचे फ्रेंच ऊसमळेवाले होते. आणि ज्या इंग्रजांनी गलबतं अडवली, त्यांच्याच बापजाद्यांनी अटलांटिक महासागरातून लाखो माणसं विकली होती.

मित्र म्हणाला, “बघ, हेच लिही.”

लिहिलं. पण हे सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की मी आकडेमोड करतोय. दुसऱ्यांची पापं एका बाजूला रचून आपलं वजन हलकं करतोय. शरीयतने गुलामगिरी एका फटक्यात बंद केली नाही हे खरं. पण लढाईतल्या कैद्यापलीकडे स्वतंत्र माणसाला पकडून विकायला तिने मुभा दिलेली नाही. जकात ज्या आठ कामांसाठी खर्च करायची, त्यांत गुलामांची सुटका हे एक आहे. हजरत बिलाल यांना हजरत अबू बक्र यांनी पैसे मोजून सोडवलं आणि त्या हबशी माणसाने मदिनेत अजान दिली. हे आपण दर वर्षी मिलादच्या जलशात सांगतो, माझ्या मुलीलाही ते पाठ आहे. झांजीबारच्या बाजारात पोरांचे दात तपासणाऱ्या व्यापाऱ्यालाही ते पाठ असणार. बाजाराच्या आसपास मशिदी होत्या, त्यांतून अजान होत होती. हा बाजार बंद झाला तो जून १८७३मध्ये, सुलतान बरगशने करारावर सही केली तेव्हा. ब्रिटिश आरमार बंदराची नाकेबंदी करेल अशी धमकी मिळाल्यावर. मला याची लाज वाटते. ती लाज दुसऱ्याच्या हिशेबाने कमी होत नाही.

आणि आपल्याला मिरवायला मलिक अंबर चालतो ना? तोही इथिओपियातून असाच विकला गेला. बगदादपर्यंत मालक बदलत शेवटी निजामशाहीच्या हबशी पेशव्याने, चंगेजखानाने, त्याला विकत घेतलं. पुढे तोच दख्खनचा कर्ता झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी वसवली. आम्ही त्याच्यावर लेख लिहितो, खुलताबादला त्याच्या मकबऱ्यावर जातो. म्हणतो, बघा, इस्लाममध्ये गुलाम वजीर होऊ शकतो. होऊ शकतो, खरं आहे. पण त्या एका अंबरमागे जे वाटेत मेले, त्यांचा मकबरा कुठेच नाही. चेंगविम्बे आणि अंबर एकाच समुद्रातून आले. एक मुसलमान होऊन दख्खनचा झाला, दुसरा ख्रिस्ती होऊन नाशिकहून परत गेला. दोघांनाही धर्म निवडायला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मिशनऱ्यांचा गौरव करतानाही हात आखडता घ्यावासा वाटतो. सात वर्षांच्या अनाथ पोराला जेवण, शाळा, नवं नाव आणि बाप्तिस्मा एकाच ताटात वाढला, तर ते पोर नाही कसं म्हणणार?

मोठं झाल्यावर या पोरांनी काय केलं, ते मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

१८७४-७५ साली दीडशेच्या आसपास आफ्रिकन मंडळी मुंबई आणि नाशिकहून मोंबासाला गेली. तिथे प्राइसनेच सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवलं. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर याच्या नावावरून हे नाव. म्हणजे शरणपूरचा नमुना समुद्रापार नेला. केनियात या लोकांना अजून ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखतात. गुलाम पकडणारे येताहेत, हे कळवायला तिथे घंटा होती. ती आजही आहे, आणि त्या नाक्याला केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असंच म्हणतात.

त्यांच्या दहा वर्षं आधी, १८६४ सालीच, शरणपूरचा विल्यम जोन्स मोंबासाजवळच्या रबाईला गेला होता. नाशिकला लोहारकाम शिकलेला. पुढे तो पाळक झाला. त्याच्याकडे मळ्यांतून पळालेले गुलाम येऊ लागले. मिशनने मालकांना सांगून ठेवलं होतं की आम्ही पळालेल्यांना थारा देणार नाही. जोन्सने थारा दिला. गुपचूप, वर्षानुवर्षं, शेकड्यांनी. १८८८ साली हे उघड झालं तेव्हा मालक चवताळले आणि मिशनचे वरिष्ठ अडचणीत आले. शेवटी १८८९च्या पहिल्या दिवशी इंग्रज कंपनीने मालकांना भरपाई देऊन चौदाशेहून अधिक माणसांना मुक्तीचे दाखले दिले. ते मालक बहुतेक मुसलमान होते. हेही मित्राला सांगितलं. तो काही बोलला नाही. टपरीवाल्याला त्याने आणखी दोन कटिंग सांगितले.

दुपारी नाशिकरोडला बाळ येशूच्या देवळात गेलो. हे कॅथलिकांचं ठिकाण. मला वाटलं होतं इथे फक्त ख्रिस्ती भेटतील. पण मेणबत्ती लावणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका होत्या आणि एक बुरखाही होता. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी इथे यात्रा भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. बडी दर्ग्याच्या उरुसातही अशीच सगळी सरमिसळ असते. मित्राने मेणबत्ती लावली नाही, पण बराच वेळ बाकावर बसून राहिला.

परतताना लक्ष्मीबाई टिळकांचा विषय निघाला. त्या इथल्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या. १८६८चा जन्म. नवरा नारायण वामन टिळक कवी. ते १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या या बाईचं आयुष्य उलटंपालटं झालं. पाच वर्षांनी त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, पण आपल्या पायांनी चालत, स्वतःशी भांडत. १९३६ साली त्या नाशिकलाच वारल्या. ‘स्मृतिचित्रे’तला धडा शाळेत आम्हालाही होता, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही त्या बाईचं हसू येत येत आवडायचं. धर्म बदलणं हे एका माणसाच्या आत कसं घडतं, हे तिथे कळतं. शरणपूरच्या मुलांपैकी कुणी असं लिहिलं असतं, मराठीत, तर?

मगरिबच्या वेळेला जुन्या नाशकात पोचलो. वजू करून दोघं एकाच सफेत उभे राहिलो. नमाजनंतर पायऱ्यांवर बसून मित्र चपला घालत होता.

“लिही,” तो म्हणाला. “पण पूर्ण लिही. जोन्सचं गाळू नको.”

मग खिशातून मोबाईल काढून म्हणाला, “त्या वेलिंग्टनचं खरं नाव काय होतं म्हणालास? पोरीला सांगायचंय.”

“चेंगविम्बे. मोंबासालाच वारला, १९३५ साली. म्हातारा होऊन.”

त्याला ते लिहिताना दोनदा विचारावं लागलं.